बोगद्यात रेंज नव्हती

पोर्तुगालच्या त्या सहलीची गोष्ट मी आजवर पुष्कळ जणांना सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी ती एका ठिकाणी खोटी सांगितली आहे. बाकीचं सगळं खरं असायचं. नदी, डोंगरउतारावरचे द्राक्षांचे मळे, निळ्या चित्रांच्या फरशा लावलेली स्टेशनं, माझ्या बायकोने, शैलजाने, गाडीत उघडलेला दशम्यांचा डबा आणि समोरच्या म्हातारीने त्यातली एक चाखून बघितलेली. ऐकणारे हसत, मीही हसत असे. इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमधलं लहानपण लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं की गाव सुटलं तिथे थांबायचं. पण ती प्रकरणं टाइप करून देताना माझी मुलगी मुग्धा म्हणाली, "बाबा, यात तुम्ही फारच चांगले आहात." त्यानंतर चार दिवस मला काही लिहिता आलं नाही. मोठं होण्याचीच गोष्ट सांगायची तर मी मोठा झालो तो सत्तावन्नाव्या वर्षी, परक्या देशातल्या एका आगगाडीत, आणि तेही चांगल्या रीतीने नाही.

तेव्हा आम्ही कतारमध्ये, दोह्याला होतो. अल रय्यानमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. खाली एका केरळी माणसाचं किराणा दुकान आणि त्याला लागून करक, म्हणजे तिकडच्या कडक दुधाळ चहाची टपरी. गाड्या रस्त्यावरच उभ्या राहून हॉर्न वाजवत आणि चहावाला काचेतून कागदी पेले आत देई. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून बरीच वर्षं होती, पण शहर तेव्हापासूनच उकरून ठेवलेलं होतं. सकाळी ज्या रस्त्याने ऑफिसला जावं तो संध्याकाळी बंद झालेला असे. मागे येणाऱ्या ट्रकचं टीं टीं, त्यातून येणारी अजान आणि घरात शैलजाचा कुकर, हे आवाज मला आजही एकत्रच ऐकू येतात. खिडक्या आम्ही कधी उघडत नसू, तरी ओट्यावर बारीक धूळ बसे, आणि दिवसातून दोनदा फडकं मारताना शैलजा म्हणे, "तुमचा वर्ल्ड कप पुसतेय." मुग्धा आम्हाला उशिरा झालेली. तिची बारावी नुकतीच झाली होती आणि पुढच्या शिक्षणाला ती कॅनडाला जाणार हे ठरलं होतं. आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मराठी बोलायला ती लागली ते कॅनडाला गेल्यावर, आमच्यापासून लांब.

एका स्टेडियमच्या कामावर माणसं पुरवणाऱ्या कंपनीत मी प्रशासनाचा प्रमुख होतो. ती कंपनी आता राहिलेली नाही. आमची माणसं बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत, म्हणजे कॅम्पवर, राहत आणि शुक्रवारी नवे कपडे घालून एशियन टाउनला सिनेमाला जात. त्या काळी कुणालाही देशाबाहेर जायचं तर मालकाची परवानगी लागे. कागदोपत्री तिला एक्झिट परमिट म्हणत, कॅम्पवर सगळे खुरूज म्हणत. खिशात तिकीट असलं तरी खुरूज नसेल तर माणूस विमानतळावरून परत फिरे. आमच्या मालकाने हा अधिकार माझ्याकडे दिला होता. संगणकावर माणसाचं नाव भरलं की माझ्या मोबाइलवर सहा आकड्यांचा कोड यायचा, तो टाकला की माणूस मोकळा. आमचा मंदूब, म्हणजे सरकारी कामांसाठी ठेवलेला माणूस, बाकीचं सगळं माझ्या नावाने करू शकत असे, पण कोड माझ्याच फोनवर येई. त्याला सगळे साहेबांची सही म्हणत.

रजा मागायला येणारा प्रत्येक जण आई सिरीयस आहे असं सांगे. ऑफिसात त्यावर विनोद चालत. "आपल्या कॅम्पमधल्या आया ईदच्या आधी आजारी पडतात आणि तिकीट कन्फर्म झालं की बऱ्या होतात," असं एका मीटिंगमध्ये मीच म्हणालो होतो आणि सगळे हसले होते. मग मी नियम काढला. डॉक्टरचं पत्र हवं, त्यावर शिक्का हवा, आणि हा माणूस परत येईल म्हणून दोन साथीदारांच्या सह्या हव्यात. नियम चांगला चालला. आजारी आया निम्म्या झाल्या आणि मला वाटलं, खोटेपणाला आळा बसला. ज्यांना असं पत्र मिळवता येत नव्हतं त्यांनी विचारणंच सोडून दिलं असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही.

खरं तर माझ्या मनात ते यायला हवं होतं. माझे वडील इगतपुरीला केबिनमध्ये सिग्नल ओढत. रेल्वेचा पास आमच्या घरात दोनच कामांना निघे, लग्नाला आणि मयताला. हौसेने गाडीत बसून कुठे जावं हे कुणाच्या डोक्यातही येत नसे. मी अंगणात बसून घाटातल्या गाड्या ऐकायचो. मालगाडी बोगद्यात शिरली की आवाज बुजायचा आणि बाहेर आली की एकदम अंगावर यायचा. एकदा एका गँगमनची आई गेल्याचा निरोप स्टेशनच्या फोनवर आला. वडिलांनी साहेबांना न विचारता त्याला पुढच्या गाडीत गार्डच्या डब्यात बसवून दिलं आणि त्यापायी त्यांना मेमो मिळाला. आई वैतागली तेव्हा म्हणाले, "अगं, मेमोचं काय, आज ना उद्या उत्तर देईन. तिकडे चार माणसं उन्हात खोळंबली असती." हा प्रसंग मी या पुस्तकात आधी लिहिलेला नाही. तो लिहिला असता तर हे प्रकरण टाळता आलं नसतं, म्हणून नाही लिहिला.

पोर्तुगाल सुचवलं फिलिपने. फिलिप वसईचा, ऑफिसात माझ्या हाताखाली होता. मला आगगाडीने नुसतं भटकायचं होतं. खिडकीत बसायचं, कुठे पोहोचायची घाई नको, पोहोचल्यावर कुणाचं लग्न नको आणि मयत तर नकोच. फिलिप म्हणाला, "सर, पोर्तुगालला जा. आमच्या आडनावांचं माहेर आहे ते. तिकडे पाव मागितला तर पाव मिळतो, बटाटा म्हटलं तर बटाटा." शैलजाला ही गोष्ट फारच पटली. उपाशी राहायची भीती गेली असं म्हणाली, तरीही तिने तीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि गूळपापडी बरोबर घ्यायचं ठरवलं. माझं स्वतःचं खुरूज मालकाच्या मुलाने दुसऱ्या कुणाशी फोनवर बोलता बोलता देऊन टाकलं. "यल्ला, एन्जॉय," एवढंच म्हणाला.

निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, व्यंकट घरी आला. व्यंकट लातूरकडचा, परांची बांधणाऱ्या टोळीचा मुकादम. पंचेचाळिशीचा असेल. बाप लहानपणीच गेलेला, आईला एकटाच मुलगा. साइटवर दिवसभर हिंदी बोलणारा हा माणूस माझ्याशी मात्र मराठीत बोलायचा आणि मला ते आवडायचं. बरवा अल बराहाहून दोन बस बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून तो आला होता. घरभर बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि ओट्यावर दशम्या भाजल्या जात होत्या.

"या व्यंकटराव, बसा," शैलजा म्हणाली. तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला.

"साहेब, मायला लातूरला ॲडमिट केलंय," तो म्हणाला. "चार दिवस सोडा मला. तोंड बघून येतो."

"पत्र आणलंस?"

त्याने मोबाइल पुढे केला. डॉक्टरच्या पत्राचा फोटो होता. शिक्का होता, पण अर्धा कापला गेलेला.

"शिक्का नीट दिसत नाही, व्यंकट."

"भाच्यानं काढलाय फोटू, साहेब. त्याला काय कळतंय शिक्क्याचं."

"मग परत मागव. आणि हे बघ, पहिल्या टप्प्याचं हँडओव्हर तोंडावर आलंय. परांचीवाला एकही सोडायचा नाही असं वरून आहे. मी दहा दिवसांत येतो. आलो की पहिलं तुझं काम."

"दहा दिस," तो म्हणाला आणि मोबाइल खिशात ठेवला. मग "बरं" म्हणाला.

शैलजाने पाच-सहा दशम्या फॉइलमध्ये गुंडाळून त्याच्या हातात दिल्या. "तुम्हालाच परवासात लागतेल की, वहिनी," असं म्हणत त्याने त्या घेतल्या आणि गेला. वरून असा काही आदेश नव्हता, हे इथे लिहून ठेवतो. परांचीवाला एकही जाणार नाही, हा शब्द मीटिंगमध्ये माझा मीच देऊन आलो होतो.

"अहो, सोडा की त्याला," दार लावून शैलजा म्हणाली. "चार दिवसांत काय स्टेडियम पडणार आहे?"

"एकाला सोडलं की दहा येतात. आणि खरंच आजारी आहे कशावरून? शिक्का बघितलास का तू?"

"शिक्का नाही बघितला. त्याचं तोंड बघितलं," ती म्हणाली आणि दशमी उलटायला वळली.

पोर्तुगालमध्ये पहिले चार दिवस मी इतका सुखी होतो की आज ते आठवतानाही मला ते सुख पुन्हा जाणवतं, आणि त्याची लाज वाटते. लिस्बनला चढणीच्या रस्त्यांवरून पिवळ्या ट्राम कुरकुरत जात. शैलजा बेकरीच्या काचेपुढे उभी राहून बोट दाखवून "पाव" म्हणाली आणि बाईने खरोखर पाव काढून दिला, तेव्हा ती माझ्याकडे अशी वळली जणू तो देश तिनेच शोधून काढला होता. साबण, चावी, पगार, अननस, घमेलं, सगळे शब्द यांचेच, असं फिलिपने लिहून दिलेल्या यादीतून ती मला वाचून दाखवी. लिस्बनहून उत्तरेला पोर्तोला जाताना गाडी मध्येच समुद्राला लागून धावली. मी तीन तास खिडकी सोडली नाही. मुग्धा म्हणाली, "बाबा, यू आर लाइक अ लिटल किड." ती आमचे फोटो काढून मैत्रिणींना पाठवत होती. तिच्या फोनला तिथलं नेट नव्हतं, म्हणून माझ्या फोनचं नेट वापरत होती.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही पोर्तोहून नदीकाठाने आत जाणाऱ्या गाडीत बसलो. डिझेलची, जुनी, खिडक्या खाली करता येणारी गाडी. हॉटेलमधल्या बाईने सांगितलं होतं की उजव्या हाताच्या जागा धरा. तासाभराने डोंगर बाजूला झाला आणि एकदम खाली नदी आली, रुळांना जवळजवळ चिकटून. पलीकडच्या उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी द्राक्षाचे वेल, त्यांना नुकती कोवळी पानं फुटलेली. लहान लहान स्टेशनांवर संत्र्याची झाडं होती आणि गाडी थांबली की पक्ष्यांचा आवाज डब्यात येई. खिडकीतून डिझेलचा वास आला आणि मला थेट इगतपुरीचं अंगण आठवलं. समोरच्या बाकावर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी मांडीवर टोपली घेऊन बसली होती. शैलजाने डबा उघडला तशी ती वाकून बघायला लागली. शैलजाने खुणेने विचारलं, तिने एक दशमी घेतली, वास घेतला, चावून बघितली आणि टोपलीतली तीन संत्री काढून आमच्या पुढ्यात ठेवली.

"शी लाइक्स इट, आई!" मुग्धा ओरडली.

"गूळ आहे म्हणावं त्यात," शैलजा म्हणाली. "सांग ना तिला, गूळ."

तेव्हा माझा फोन वाजला. फिलिपचा मेसेज होता. "सर, व्यंकटची आई व्हेंटिलेटरवर आहे. डॉक्टरांनी मुलाला बोलावून घ्या म्हणून सांगितलंय. आज रात्री हैदराबादच्या विमानात सीट मिळतेय, तिथून बसने दुपारपर्यंत पोहोचेल. तुम्हाला आता कोड येईल, तो फक्त मला पाठवा. मंदूब इथे बसून आहे." मी वाचत होतो तेवढ्यात कोडही आला. सहा आकडे. ते आकडे आजही पाठ आहेत असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण मला ते आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच की स्क्रीनवर चार डांड्या होत्या. रेंज भरपूर होती.

त्या वेळी मनात काय आलं ते जमेल तेवढं खरं लिहितो. आधी आला तो राग. नियम माहीत असून फिलिपने माझ्या मागे सगळं ठरवून टाकलं होतं, सीटसुद्धा बघून ठेवली होती. मग शंका आली, व्हेंटिलेटर हा शब्द आजकाल सगळ्यांना माहीत झालाय. मग मीटिंगमध्ये दिलेला शब्द आठवला. पण हे सगळं मी नंतर रचून ठेवलेलं असावं. खरं कारण यापेक्षा लहान आहे. मला कंटाळा आला होता. नदी चालली होती, म्हातारी संत्रं सोलत होती, आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीत नुसता बसलो होतो, आणि एक माणूस माझ्याकडून काहीतरी मागत होता. एकदा कोड पाठवला असता तर मंदूबचा फोन आला असता, मग प्रोजेक्ट मॅनेजरचा, मग दुसरा माणूस कुठून द्यायचा याचा. पुढच्या स्टेशनवर बघू, असं मी स्वतःला म्हणालो. तो कोड दहा मिनिटांतच निकामी होतो हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढचं स्टेशन आलं आणि गेलं. फिलिपने पुन्हा विचारलं. मग बोगदा आला आणि त्या अंधारात, खिशात हात घालून, मी फोन बंद केला.

"बाबा, द नेट इज गॉन," अंधारातून मुग्धाचा आवाज आला.

"बोगद्यात रेंज कशी असेल?" मी म्हणालो.

आमच्या कसाऱ्याच्या घाटातल्या बोगद्यांपुढे तो बोगदा काहीच नव्हता. मिनिटभरात बाहेर ऊन आलं.

"स्टिल नॉट देअर," मुग्धा म्हणाली.

"डोंगर आहे ना सगळा. येईल."

फोन मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुरू केला नाही. नदीकाठच्या त्या गावात आम्ही एक रात्र राहिलो, नावेतून फिरलो, कोबीचं सूप प्यायलो. त्यातला सॉसेजचा तुकडा शैलजाने चमच्याने उचलून माझ्या बशीत टाकला. दीड दिवस मी फोनला हात लावला नाही म्हणून ती खूश होती. "असेच राहा हो जरा," ती मला म्हणाली, आणि ते कौतुक मी घेतलं.

पोर्तोला परतल्यावर हॉटेलच्या खोलीत फोन सुरू केला. फिलिपचे मेसेज एकाखाली एक उतरले. मंदूब ऑफिस बंद होईपर्यंत थांबला होता. विमान गेलं होतं. मध्यरात्रीनंतर आई गेली होती. दुसऱ्या दिवशी कसं तरी खुरूज मिळेल या आशेवर गावाकडे बर्फाच्या लाद्या लावून दुपारी दोनपर्यंत वाट बघितली, मग चुलतभावाने अग्नी दिला. व्यंकटने ते कॅम्पमध्ये बसून मोबाइलवर बघितलं. शेवटच्या मेसेजमध्ये फिलिपने फक्त "सर, झालं" असं लिहिलं होतं.

शैलजाने माझा चेहरा बघून काय झालं विचारलं. मी सांगितलं. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "अरे देवा. आणि तुम्हाला कळलंच नाही?"

"बोगद्यात रेंज नव्हती," मी म्हणालो.

मुग्धा खिडकीपाशी उभी होती. शैलजा तोंड धुवायला आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "इट वॉज नॉट द टनेल, बाबा. काल नावेत फोटो काढायला मी तुमचा फोन घेतला होता. इट वॉज ऑफ." पहिलं वाक्य इंग्रजीत, मधलं मराठीत, शेवटचं पुन्हा इंग्रजीत. तिने ते आईला कधी सांगितलं नाही, आणि त्या दिवसानंतर माझ्यासमोर लहान मुलीसारखी कधी हसलीही नाही. तीन महिन्यांनी ती कॅनडाला गेली. मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत असे की पोरी परदेशी गेल्या की बदलतात.

दोह्याला परतल्यावर पहिल्याच सकाळी व्यंकट केबिनमध्ये आला. एशियन टाउनमधल्या सलूनमध्ये त्याने डोकं भादरून घेतलं होतं आणि वर सेफ्टी हेल्मेट न घालता ते हातात धरलं होतं. मी खुर्चीतून उठलो. काय बोलायचं ते विमानातच ठरवून ठेवलं होतं.

"व्यंकट, गाडी डोंगरात होती. बोगद्यामागून बोगदे. रेंजच नव्हती. मला कळलं असतं तर..."

"तर तुम्ही केलंच असतं की, साहेब," तो म्हणाला. "बोगदा लई लांब आसल. तुमचा काय दोष." आणि मग, "तेराव्याला तरी जाऊ द्या."

मी त्याच मिनिटाला त्याचं खुरूज काढलं. चार दिवसांऐवजी पंधरा दिवस दिले. पत्र मागितलं नाही, साथीदारांच्या सह्या मागितल्या नाहीत. त्याने हात जोडले. फिलिप दाराशी उभा होता, तो माझ्याकडे न बघता कागद घेऊन गेला. पुढे फिलिपने दुसरीकडे नोकरी धरली. कारण विचारलं तेव्हा घरापासून जवळ आहे एवढंच म्हणाला.

त्यानंतर व्यंकट माझ्या हाताखाली आणखी काही वर्षं होता. मधल्या काळात खुरूजचा कायदा गेला, स्टेडियम उभं राहिलं, वर्ल्ड कप झाला. मी नाशिकला परतून तो टीव्हीवर बघितला. कॅमेरा छतावरून फिरला की शेजारी म्हणत, "काका, हे तुम्ही बांधलंत?" आणि मी मान हलवायचो.

मागच्या थंडीत मी लातूरला गेलो, एकटाच. शैलजाला सांगितलं, जुन्या माणसांना भेटून येतो. हे प्रकरण तिने अजून वाचलेलं नाही. छापायच्या आधी तिच्याच हातात देणार आहे. व्यंकटचं गाव शहरापासून तासाभरावर आहे. तो आता परांचीचं सामान भाड्याने देतो. घरापुढे पाइपांच्या राशी, क्लॅम्पची पोती आणि त्यांच्यामध्ये दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. त्याच्या बायकोने चहा आणला. आधी आम्ही दोह्याच्या उन्हाबद्दल बोललो, कोण कुठे आहे ते झालं. त्याने मला दोनदा "थकलात साहेब" म्हटलं.

"व्यंकट," मी म्हणालो, "तुझी आई गेली त्या वेळी बोगद्याचं मी तुला जे सांगितलं..."

"च्या घ्या आधी, साहेब. गार व्हायलाय."

"नाही, ऐक. फिलिपचा मेसेज मी वाचला होता. कोडही आला होता. रेंज होती. मी फोन बंद केला."

तो बशीत चहा ओतत होता, तो त्याने ओतून पुरा केला.

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच दिशी. फिलिपसाहेबांनी त्यांचा मोबाइल दावला मला. मेसेजखाली निळ्या खुना आल्या होत्या. मी म्हनलो, वाचलं साहेबांनी, झालं आता काम. पोरांनी माझी ब्याग भरली. मी घरी फोन लावून सांगितलो, मी निघायलालो, मायच्या कानात सांगा." त्याने बशी तोंडाला लावली. "त्यांनी सांगितलं तिला."

अंगणात कुणीतरी पाइप मोजत होतं. एकावर एक टाकल्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "मग दुसऱ्या आठवड्यात माझ्यासमोर उभा राहून बोगदा लांब असेल असं का म्हणालास?"

त्याने माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं. "मग काय म्हनावं, साहेब? तेराव्याला जायचं होतं. सही तुमचीच लागनार होती. त्याच्या पुढच्या साली बी तुमचीच."

दर रजेवरून येताना तो आमच्यासाठी करडीच्या तेलाचा डबा आणायचा. किती जीव लावतो बघा, असं शैलजा म्हणायची, आणि मलाही तसंच वाटायचं.

मी त्याची माफी मागितली. तो "आसू द्या" म्हणाला. आसू द्या म्हणजे माफ केलं असं नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मग मी त्याला सांगितलं की मी माझ्या आयुष्याबद्दल लिहितोय आणि हे त्यात लिहायचं आहे. तुझं नाव बदलून लिहितो, म्हणालो.

"माझं कशाला बदलता? मी काय केलंय?" तो म्हणाला. मग थोडा हसला. "पायजे तर तुमचं बदला."

"नाही बदलत."

"आन् मायचं बी घाला. त्या डॉक्टरच्या पत्रावर व्हतं की तिचं नाव, शिक्क्याच्या वरच. ध्यानात हाय का तुमच्या?"

नव्हतं. मी तसं सांगितलं. खिशातून वही काढली, चष्मा लावला, पेन उघडलं.

"सोजरबाई," तो म्हणाला, आणि माझं लिहून होईपर्यंत थांबला.